बिनतारी आंतरजाल, सार्वजनिक

रेल्वे स्थानके, विमानतळ, ग्रंथालये, उपाहारगृहे इ. ठिकाणी येणाऱ्या लोकांना आपल्या भ्रमणध्वनीवर वा सुवाह्य संगणकावर तारेच्या जोडणीवाचून आंतरजाल वापरता यावे, म्हणून केलेली व्यवस्था. ‘वाय-फाय’ या व्यापारी नावाने ती सर्वपरिचित आहे.

इतिहास : रेडिओ तरंगांद्वारे संगणक परस्परांस जोडणारे ‘अलोहानेट’ हे जाल नॉर्मन एब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये कार्यान्वित केले. अमेरिकेत १९८५ मध्ये काही कंप्रता-पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले झाले आणि १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक प्रसिद्ध झाले. भारतात २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांनी प्रवाशांसाठी ही सेवा सुरू केली. गूगलने २०२० मध्ये या योजनेतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. सेवा मात्र रेलटेलने चालू ठेवली. लहान दुकानदारालाही परवान्यावाचून असे केंद्र चालविता यावे, या हेतूने केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली.

कार्यपद्धती व संज्ञा : भिंतीवर वा छतावर बसविलेले प्रेषण-ग्रहण उपकरण म्हणजे प्रवेशबिंदू (ॲक्सेस पॉइंट). तो जालाचे नाव सतत प्रसारित करतो व तेच नाव भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसते. जोडणी होताच उपकरणास एक तात्पुरता आयपी पत्ता मिळतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ अंशांचा असून असे सु. ४२९ कोटी पत्तेच संभवतात. म्हणून स्थानिक जालात १९२.१६८ ने आरंभ होणाऱ्या पत्त्यांसारखे खाजगी पत्ते वापरतात आणि बाहेरच्या जगाशी अनेक उपकरणांचा व्यवहार एकाच सार्वजनिक पत्त्यावरून चालतो. माहितीची पॅकेटे योग्य मार्गाने पुढे धाडणारे साधन म्हणजे राउटर. तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस.

एका वाहिनीवर एका वेळी सामान्यतः एकच उपकरण प्रेषण करू शकते. इतरांना थांबावे लागते. गर्दीच्या वेळी वेग मंदावतो तो मुख्यतः यामुळे. पडद्यावरील पट्ट्या फक्त प्रवेशबिंदूकडून येणाऱ्या संदेशाची तीव्रता दर्शवितात, आंतरजालाचा वेग नव्हे.

सुरक्षितता : पुष्कळ ठिकाणी प्रथम एक प्रवेशपृष्ठ उघडते व भ्रमणध्वनी क्रमांकावर आलेला एकवेळचा संकेतांक तेथे भरावा लागतो. या सोपस्कारामुळे जाल सुरक्षित झाले, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. संकेतांकाने वापरणाऱ्याची ओळख चालकास पटते. चालकाची ओळख वापरणाऱ्यास पटत नाही, तसेच तरंगांतून जाणारी माहितीही त्यामुळे सांकेतिक होत नाही. जालाचे नाव कोणीही धारण करू शकतो. स्थानकाच्या जालाचे नाव देऊन शेजारच्या बाकावरून बनावट प्रवेशबिंदू चालविता येतो व पूर्वी जोडलेली उपकरणे त्यास आपोआप जोडली जाण्याचा संभव असतो. सर्वांना सांगितलेला एकच संकेतशब्दही अपुरा ठरतो; कारण डब्ल्यूपीए-२ पद्धतीत तो शब्द ठाऊक असणाऱ्या इतरास जोडणीच्या वेळचे संदेश टिपून माहिती उलगडता येते. संकेतशब्दाविनाही माहिती सांकेतिक करणारी पद्धत २०१८ मध्ये पुढे आली. परंतु चालकाची खातरजमा तीतही होत नाही.

खरे संरक्षण संकेतस्थळ व वापरणारा यांच्यामधील एचटीटीपीएस या सांकेतिक जोडणीने मिळते. तीमुळे मधल्या माणसास मजकूर वाचता येत नाही; कोणत्या संकेतस्थळाशी संपर्क झाला हे मात्र बहुधा कळू शकते. बनावट संकेतस्थळासही अशी जोडणी ठेवता येत असल्याने पत्ता अक्षरशः तपासणे आवश्यक असते. न्याहाळकाने प्रमाणपत्राविषयी इशारा दिल्यास तेथेच थांबावे. जालाचे नेमके नाव तेथील कर्मचाऱ्यांकडून विचारून घेणे, आपोआप जोडणी बंद ठेवणे, काम संपताच ते जाल उपकरणाच्या यादीतून काढून टाकणे व बँकेचे व्यवहार शक्यतो स्वतःच्या भ्रमणध्वनी सेवेवरून करणे श्रेयस्कर होय.