नवरा परभणीत, पत्ता अमेरिकेचा

समजा, जिंतूरच्या मुलीचं लग्न अमेरिकी नागरिकाशी झालं आणि दोघं परभणीतच राहू लागली. तिच्या व्हिसासाठी नवऱ्याला आधी आय-१३० हा अर्ज भरावा लागतो. पूर्वी भारतात राहणारे अमेरिकी नागरिक तो दिल्लीतल्या अमेरिकी इमिग्रेशन कार्यालयात देत. त्यासाठी आपण खरोखर इथंच राहतो, हे दाखवावं लागे. १ फेब्रुवारी २०२० पासून ती सोय बंद झाली. आता अर्ज ऑनलाइन किंवा टपालानं थेट अमेरिकेत जातो. वकिलात तो स्वीकारते अपवादानंच.

तरी भारतातल्या वास्तव्याची कागदपत्रं जपावीतच. दोघं एकत्र नांदतात, हे त्यांतूनच दिसतं. दोघांच्या नावाचा भाडेकरार, जोडखात्याचं बँक स्टेटमेंट, पासपोर्टवरचे प्रवेशाचे शिक्के. एखादा कागद मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं आणि त्याखाली ते अचूक असल्याचं भाषांतरकारानं सही करून लिहून द्यायला हवं. नेमकी हीच सही अनेकदा राहून जाते.

खरी अडचण पुढे येते. आर्थिक हमीच्या आय-८६४ अर्जात नवऱ्याचं कायमचं घर अमेरिकेत आहे, किंवा बायकोबरोबर अथवा तिच्या आधी तो तिकडे परतणार आहे, हे पटवावं लागतं. तिथलं चालू बँक खातं, नोकरीचा शोध, घराची बोलणी, भरलेली करविवरणं इथं कामी येतात. भारतात राहूनही अमेरिकेचं करविवरण भरावं लागतंच, म्हणून ते दरवर्षी भरा आणि प्रती सांभाळून ठेवा.