वस्तादाची पारख

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. पावसाळी ढग सह्याद्रीवर बरेचसे रिते होतात. म्हणून या भागात पाऊस थोडा आणि ऊन कडक. नीरेच्या डाव्या कालव्याने येथील पुष्कळशा शिवारात ऊस उभा केला आहे. पहाटे येथील रस्त्यांवर तरुण मुले-मुली धावताना दिसतात. त्यांपैकी कित्येकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरतीची परीक्षा असते. या परीक्षेत मैदानी चाचणीला पन्नास गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर दौड आणि गोळाफेकही असते. चार-दोन सेकंदांच्या फरकाने हातातोंडाशी आलेली नोकरी निसटते.

अशा वेळी घरची माणसे मुलांसाठी चांगला शिक्षक शोधतात. कोणी त्यासाठी दुभती म्हैस विकतो, कोणी ऊसबिलाचे पैसे बाजूला काढून ठेवतो. शिक्षक चांगला मिळाला, तर त्या पैशांचे सोने होते. तो खोटा निघाला, तर पैसा जातो, वर्ष जाते आणि कधी कधी मुलाचे गुडघेही जातात. म्हणून व्यायाम कसा करावा याच्याही आधी तो कोणाकडून शिकावा, हे ठरविता आले पाहिजे.

महाराष्ट्राला ही पारख नवी नाही. गावोगावच्या तालमींत व्यायाम शिकविणाऱ्याला वस्ताद म्हणतात. जुन्या तालमीत नवा मुलगा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्तीला उभा करीत नसे. आधी तो मुलगा हौदातील लाल माती खोऱ्याने उकरी, खडे वेचून टाकी आणि थोरांची मेहनत पाही. मातीत ताक, तेल, हळद व लिंबाचा रस मिसळून ती मऊ ठेवीत. पडणाऱ्याला इजा कमी व्हावी हा त्यामागील हेतू. मग जोर-बैठका थोड्याच, पण डौलदार काढावयाच्या. दहा जोर नीट जमल्यावाचून अकरावा नाही! माती खणताना खांदे व पाठ तयार होत, पाहताना डोळा तयार होई आणि वाट पाहताना मन तयार होई.

असे सावकाश का चालावे, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मेहनत केली म्हणजे स्नायूंच्या तंतूंवर ताण पडून त्यांना बारीक इजा होते. नंतर विश्रांतीत, विशेषतः झोपेत, शरीर त्यांची दुरुस्ती करते आणि ते पूर्वीपेक्षा बळकट होतात. म्हणजे बळ मेहनतीने मागावयाचे आणि विश्रांतीने मिळवावयाचे. स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर असतात. त्यांना कंडरा म्हणतात. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण कंडरा आणि हाडे यांना अधिक काळ लागतो. ज्याचे स्नायू तयार झाले, पण कंडरा झाल्या नाहीत, असा मुलगा उत्साहाने एकदम पाच-सहा किलोमीटर धावू लागतो आणि थोड्याच दिवसांत नडगी किंवा टाच धरून बसतो. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळी कूर्चा असते. हाडांची लांबी तेथूनच वाढते. जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून अवजड वजने उचलली, तर त्या जागी इजा होण्याचा संभव असतो.

प्राचीन ग्रीक लोकांत मिलो नावाचा एक विख्यात मल्ल होऊन गेला. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू दिवसागणिक वाढत गेले, तसे मिलोचे बळही वाढले आणि शेवटी तो पुरता बैल उचलू लागला, अशी दंतकथा आहे. तिच्यातील अतिशयोक्ती सोडून दिली, तरी सार खरे आहे. ओझे थोडे थोडे वाढवावे आणि खंड पडू देऊ नये.

मग चांगला शिक्षक ओळखावा कसा? त्याची पहिली खूण अशी, की तो सांगण्याआधी विचारतो. मुलाचे वय काय, पूर्वी हातपाय मोडला होता काय, धावताना दम लागतो काय, घरी जेवण काय असते, झोप किती होते, हे तो जाणून घेतो. दुसरी खूण म्हणजे तो प्रत्येक हालचाल करून दाखवितो आणि चूक झाली तर कारण सांगून सुधारतो. तिसरी खूण, तो वही ठेवतो. आज किती धावणे झाले, मागच्या महिन्यात किती वेळ लागला होता, हे तो अंदाजाने सांगत नाही, लिहिलेले दाखवितो. चौथी खूण सर्वांत मोलाची: तो वेळेवर ‘थांब’ म्हणतो. छातीत कळ आली, चक्कर आली किंवा सांधा सुजला, तर तो मुलाला डॉक्टरांकडे पाठवितो. स्वतः औषध देत नाही.

शिक्षकाने ही विद्या कोठे संपादन केली, हे विचारण्यात संकोच नसावा. पटियाला येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. तेथे खेळांचे शिक्षक रीतसर तयार होतात. शारीरिक शिक्षणाची पदवी देणारी महाविद्यालये महाराष्ट्रातही आहेत. तथापि केवळ प्रमाणपत्रावर विसंबून राहू नये. त्या शिक्षकाच्या जुन्या शिष्यांना भेटावे. किती जण यशस्वी झाले एवढेच न विचारता, किती जण दुखापतीमुळे सोडून गेले, हेही विचारावे. शिक्षकाचे स्वतःचे पिळदार शरीर हा त्याच्या ज्ञानाचा पुरावा नव्हे. ज्याला उत्तम पोहता येते, त्याला उत्तम शिकविता येतेच असे नाही.

खोट्या शिक्षकाच्या खुणाही ठरलेल्या असतात. ‘एका महिन्यात शरीर बदलून देतो’, ‘निवड झालीच म्हणून समजा’, अशी हमी तो देतो. पी हळद आणि हो गोरी, असा प्रकार निसर्गात नाही. तो पैसे एकरकमी मागतो आणि पावतीचे नाव काढताच रागावतो. महागडी भुकटी आपल्याकडूनच घ्या, असा आग्रह धरतो. वस्तुतः भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी आणि भाजीपाला यांतून वाढत्या मुलाची गरज चांगली भागते. काही ठिकाणी तर याहून भयंकर प्रकार घडतात. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब चढविण्यासाठी जे औषध असते, ते सुईने टोचून घेऊन तरुण व्यायाम करतात. त्याने क्षणभर हुशारी वाटते, पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. खेळातील अशा उत्तेजक द्रव्यांना आळा घालण्यासाठी भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. दोषी ठरलेल्या खेळाडूला काही वर्षे स्पर्धेबाहेर राहावे लागते आणि मिळविलेले पदकही परत करावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चांगल्या वस्तादाची तालीम उघडी असते. आईवडिलांनी केव्हाही येऊन पाहावे, असे तो स्वतः सांगतो. जो शिक्षक ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणतो, एकट्याला बंद खोलीत बोलावितो किंवा नको तसा स्पर्श करतो, त्याच्यापासून तत्काळ दूर व्हावे आणि घरच्या मोठ्या माणसांना सर्व सांगावे. यात मुलाचा काहीही दोष नसतो. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

योग्य मार्गदर्शन आणि चिकाटी यांचा मिलाफ झाला म्हणजे काय घडते, हे खाशाबा जाधव यांच्या चरित्रात दिसते. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. १९४८ मध्ये खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर कुस्ती करावी लागली आणि नियमही निराळे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे कसून मेहनत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. सहाव्या क्रमांकापासून पदकापर्यंतचे अंतर चार वर्षांचे होते. ते एका महिन्यात कापता येण्याजोगे नव्हते.

शिक्षक कितीही थोर असला, तरी जोर शिष्यालाच काढावे लागतात. व्यायामाच्या बाबतीत पुष्कळांचे नव्याचे नऊ दिवस असतात. ते टाळावयाचे कसे, याचा पाठ बारामती-इंदापूरच्या लोकांना दर वर्षी डोळ्यांनी पाहावयास मिळतो. १६८५ मध्ये तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. देहूहून पंढरपूरला निघालेली ही पालखी बारामतीला मुक्काम करून पुढे निघते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला गोल रिंगण होते, आणि सणसर, निमगाव केतकी अशा मुक्कामांनी पालखी इंदापूरला पोहोचते. बारामती ते इंदापूर हे सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर. साठी उलटलेले वारकरीही ते चालून जातात. त्यांचे रहस्य साधे आहे. रोजचे अंतर बेताचे, विसाव्याच्या जागा ठरलेल्या, निघण्याची वेळ ठरलेली आणि सोबतीला दिंडी! एकट्याचा पाय जेथे अडखळतो, तेथे दिंडीतला टाळ त्याला पुढे नेतो.

व्यायामाची सवय याच रीतीने लावावी. वेळ व जागा ठरवून घ्यावी. या भागातील उन्हाळा पाहता सूर्योदयापूर्वीची किंवा सायंकाळची वेळ उत्तम. बरोबर पाणी असावे. धावण्याची सवय नसेल, तर एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे वीस मिनिटे करावे. आठवड्यातून तीन दिवस एवढे पुरे. अंगवळणी पडल्यावर धावण्याचा वेळ हळूहळू वाढवावा. सोबत एखादा मित्र किंवा मैत्रीण असावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज खूण करावी. परीक्षेमुळे किंवा तापामुळे दोन दिवस चुकले, तर खंत करू नये आणि चुकलेले सर्व एकाच दिवशी भरून काढण्याचा हट्टही धरू नये. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंग हलेल, श्वास वाढेल असे काही करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा तास व्यायामशाळेतच जावा असे मात्र नाही. सायकलवरून शाळेला जाणे, खो-खो, कबड्डी, शेतातील काम, सूर्यनमस्कार हे सारे त्यात धरले जाते.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पैशाला लागू पडते तशी बळालाही लागू पडते. शिक्षक वाट दाखवितो, सोबती उमेद देतो, वही हिशेब ठेवते. चालावे मात्र ज्याचे त्याने. आणि ज्या वस्तादाचा शिष्य पुढे वस्तादावाचूनही रोज आपला व्यायाम आपण करू लागतो, तोच वस्ताद खरा समजावा.