काकाची चोंच

पळसाला आपल्या पूर्वजांनीं ‘किंशुक’ म्हटलें. ‘हा पोपट तर नव्हे ना?’ हा प्रश्नच त्या नांवांत दडलेला आहे. फाल्गुनांत निष्पर्ण फांदीवरचीं तीं बांकदार केशरी फुलें पाहिलीं म्हणजे, ज्या रसिकास हा प्रश्न प्रथम सुचला त्याचें कौतुक वाटतें. न्यूझीलंडच्या उत्तर बेटांतील माओरी लोकांनाहि एका फुलाकडे पाहून पोपटच आठवला, हें वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. त्या देशांत ‘काका’ नांवाचा एक तपकिरी रानपोपट आहे. (हें ऐकून आमच्या घरांतील बालमंडळी कोणाकडे पाहून हंसली, तें सांगावयास नकोच!) त्याच्या चोंचीवरून त्या झुडपास ‘ङुतुकाका’ म्हणतात, ‘ङुतु’ म्हणजे चोंच. आमच्या मुलांना ज्या ‘ङ’पासून एकहि शब्द सांगतां येत नाहीं, त्याला समुद्रापलीकडे तरी अग्रपूजेचा मान आहे.

पळस, हादगा, हरभरा, वाटाणा आणि हा ङुतुकाका हीं सारीं एकाच शिंबीकुलांतलीं भावंडें. वाटाण्याचें फूल हातांत घेऊन पाहावें. खालच्या दोन पाकळ्या एकमेकींस चिकटून त्यांची लहानशी होडी झालेली असते. शास्त्रांत तिला नौतल म्हणतात. ङुतुकाकांत हेंच नौतल लांबत जाऊन टोंकाशीं वांकतें आणि चोंच बनतें. पुरुषभर किंवा त्याहून थोडें उंच असें हें काष्ठमय झुडूप. पानें कांहींशीं हादग्याच्या धर्तीचीं. आणि तिकडच्या वसंतांत लालभडक फुलांचे घोंस खालीं लोंबूं लागतात. मध चाखावयास पक्षी येतात, त्यांत खुद्द काकाहि असतो.

१७६९ सालीं कॅप्टन कुकच्या जहाजावरून आलेल्या बँक्स व सोलँडर या वनस्पतिज्ञांनीं याचे नमुने जमविले. ‘क्लायँथस’ हें शास्त्रीय नांव सोलँडरचें. तें छापून प्रसिद्ध झालें मात्र १८३५ सालीं, लिंडली यांच्या हातून. ग्रीक भाषेंतून घेतलेल्या त्या नांवाचा अर्थ ‘कीर्तिपुष्प’. माओरी लोक तें आपल्या वस्तीजवळ आवडीनें लावीत असत. पुढें विलायतेंतील बागांतूनहि तें गेलें.

कीर्ति वाढली, पण रानांतून झाड नाहींसें होत चाललें. वटवाघुळांखेरीज ज्या भूमीवर एकहि सस्तन प्राणी मूळचा नव्हता, तेथें या झुडपास कांटा धरण्याची गरजच कधीं पडली नाहीं. मग शेळ्या आल्या, हरणें आलीं, डुकरें आलीं. त्या देशांत शेळ्या पहिल्यानें सोडल्या त्याहि कुकनेंच, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा! कोंवळीं रोपें खाण्यास परदेशी गोगलगायी आहेतच. आतां उरलीं तीं झुडपें बहुधा शेळीचाहि पाय न पोंचणाऱ्या कड्यांवर. २००० सालीं या वंशांत दोन स्वतंत्र जाती आहेत असें ठरलें. त्यांपैकीं पूर्वेकडील जातीचीं रानांतील झाडें २००५ च्या सुमारास दीडशेंच्या आसपास भरलीं. दुसरीची स्थिति याहून बिकट. कैपारा खाडींतील एका लहानशा बेटापुरतीच ती रानांत उरल्याचें नमूद आहे.

वाचक म्हणतील, बागांतून झाड मुबलक आहे ना, मग चिंता कसली? आम्हांसहि प्रथम असेंच वाटलें. परंतु बागेंतलीं झाडें हीं मोजक्याच मूळ झाडांची संतति. कड्याकड्यावरच्या झाडांत जी विविधता आहे ती त्यांत फारच थोडी उतरलेली आहे. वाडा माणसांनीं गजबजलेला दिसावा आणि वंशावळ उघडून पाहतां सगळीं एकाच शाखेचीं निघावीं, त्यांतलाच हा प्रकार. एकादा रोग पडला तर तो सर्वांना सारखाच बाधणार. म्हणून कड्यावरचें एकेक झाड गेलें कीं, जें बागेंत कधीं आलेंच नाहीं असें कांहीं तरी कायमचें जातें.

यासाठीं तिकडचीं माणसें दोरास लोंबकळून कड्यांवरून बी व कलमें आणतात, कुंपणाच्या आंत रोपें वाढवितात. या बियांचें कवच कठीण असल्यामुळें त्या मातींत दीर्घकाळ जिवंत राहतात. दरड कोसळून माती उघडी पडली कीं पुन्हां रुजतात, हें त्यांतल्या त्यांत सुदैव. जेथें दोरहि पोंचत नाहीं, तेथें हॉक्स बे प्रांतांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवीच युक्ति केली गेली. बंदुकीच्या काडतुसांत बिया भरून हेलिकॉप्टरांतून त्या कड्यांवर झाडण्यांत आल्या. बंदुकीनें पेरणी केल्याचें आम्हीं तरी प्रथमच ऐकलें. त्यांतून रोपें उगवलीं तरी पहिलें वर्ष जाईपर्यंत गोगलगायींपासून त्यांना राखणार कोण, हा प्रश्न आहेच.