महाविद्यालयाची ई-मेल व्यवस्था आणि सी-पॅनेल : पत्ता व्यक्तीचा की पदाचा?

सारांश

महाविद्यालयाने संकेतस्थळासाठी जागा भाड्याने घेतली की त्यासोबत स्वतःच्या नावाचे ई-मेल पत्ते तयार करण्याची सोयही सहसा मिळते. ही सोय बहुधा सी-पॅनेल या नियंत्रण पटलातून हाताळली जाते. त्यातील पर्यायांची मांडणी विचारपूर्वक न केल्यास महत्त्वाचा पत्रव्यवहार हरवतो, नाकारला जातो किंवा पद सोडून गेलेल्या व्यक्तीकडे जात राहतो. कार्यालयीन ई-मेल पत्ता पदाचा असावा, व्यक्तीचा नसावा, आणि सी-पॅनेलमधील प्रत्येक पर्याय या एका सूत्रावर तपासून घ्यावा, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रमुख शब्द : सी-पॅनेल, ई-मेल, फॉरवर्डर, डीएनएस नोंदी, कार्यभार हस्तांतरण

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवहीला पूर्वापार महत्त्व आहे. 'मा. प्राचार्य' या नावाने आलेला लिफाफा त्या दिवशी पदावर असलेल्या प्राचार्यांसमोर जातो. पत्र पाठविणाऱ्यास त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नसते. प्राचार्य सेवानिवृत्त झाले म्हणून पोस्टमन त्यांच्या घरचा पत्ता शोधीत जात नाही. टपालाच्या बाबतीत ही गोष्ट आपण गृहीत धरतो. ई-मेलच्या बाबतीत मात्र अनेक महाविद्यालयांत नेमके उलट घडते. विद्यापीठ, नॅक, शिष्यवृत्ती विभाग, ग्रंथालयीन नियतकालिकांचे पुरवठादार या सर्वांकडे एखाद्या प्राध्यापकाचा किंवा लिपिकाचा खाजगी पत्ता नोंदविलेला असतो. ती व्यक्ती बदलली की पत्रव्यवहाराचा धागा तुटतो. एवढेच नव्हे, तर शासकीय संकेतस्थळांचा पासवर्ड बदलण्यासाठी येणारा संदेशही त्याच जुन्या पत्त्यावर जातो. मग विद्यार्थ्यांच्या अर्जांची मुदत संपत आलेली असताना कार्यालयाला माजी सहकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक शोधावे लागतात.

उद्दिष्टे

१) सी-पॅनेलमधील ई-मेलविषयक प्रमुख पर्यायांचे कार्य समजून घेणे.
२) महाविद्यालयीन प्रशासनाच्या दृष्टीने त्यांची योग्य मांडणी सुचविणे.
३) पदाधिकारी बदलताना घ्यावयाची दक्षता स्पष्ट करणे.

सी-पॅनेलचे स्वरूप

सी-पॅनेल हे संकेतस्थळाचे व्यवस्थापन ब्राउझरमधून करता यावे यासाठी तयार झालेले सॉफ्टवेअर असून त्याचा आरंभ १९९६ मध्ये झाला. जे. निक कोस्टन हे त्याचे मूळ कर्ते होत. त्याच्या ई-मेल विभागात दिसणारी चिन्हे हा केवळ दर्शनी भाग आहे. प्रत्यक्ष टपाल स्वीकारण्याचे व पाठविण्याचे काम एक्झिम नावाचा कार्यक्रम करतो. टपाल पेट्यांत साठवून वाचकास दाखविण्याचे काम डव्हकॉट करतो, तर ब्राउझरमधून टपाल वाचण्यासाठी राउंडक्यूब उपलब्ध असतो. कार्यालयाच्या भाषेत सांगायचे तर एक्झिम हा आवक-जावक लिपिक, डव्हकॉट हा दप्तर सांभाळणारा आणि सी-पॅनेल म्हणजे या दोघांना लेखी आदेश देण्याचे टेबल होय. आदेश संदिग्ध असेल तर लिपिक कितीही कार्यक्षम असला तरी टपाल चुकीच्या ठिकाणी जाणारच.

पत्त्यांची रचना

'ईमेल अकाउंट्स' या पर्यायातून नवी पेटी तयार होते. येथेच पहिला धोरणात्मक निर्णय घ्यावा लागतो. प्राचार्य, कार्यालय, परीक्षा विभाग, ग्रंथालय, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, तक्रार निवारण समिती अशी पदांची व कक्षांची यादी आधी कागदावर करावी आणि तेवढ्याच पेट्या उघडाव्यात. प्राध्यापकांना वैयक्तिक नावाचे पत्ते द्यावयाचे असल्यास जरूर द्यावेत. परंतु शासन, विद्यापीठ किंवा बँक यांच्याकडे नोंदवावयाचा पत्ता पदाचाच असावा.

पेटी तयार करताना तिची साठवण मर्यादा ठरवावी लागते. भाड्याने घेतलेली जागा सहसा संकेतस्थळ आणि टपाल यांत सामायिक असते. एखादी पेटी अमर्याद ठेवली आणि तीत वर्षानुवर्षे छायाचित्रे साठत गेली, तर एकूण जागा संपून संकेतस्थळाच्या कामातही अडथळा येऊ शकतो. उलट मर्यादा फार कमी ठेवल्यास पेटी भरते व नवे टपाल परत जाते. 'ईमेल डिस्क यूसेज' या पर्यायातून कोणत्या पेटीने किती जागा व्यापली आहे हे पाहता येते. सत्राच्या शेवटी ही पाहणी करण्याचा शिरस्ता ठेवावा.

टपाल वाचण्याच्या पद्धतीचाही विचार व्हावा. पीओपी पद्धतीत संगणकावरील कार्यक्रम टपाल उतरवून घेतो आणि अनेकदा सर्व्हरवरील मूळ प्रत काढून टाकतो. त्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली की दप्तरच नाहीसे होते. आयमॅप पद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवर राहते व दोन संगणकांवर एकच चित्र दिसते. म्हणून पदाच्या पेटीसाठी आयमॅप हीच पद्धत योग्य ठरते.

फॉरवर्डर : सोय आणि धोका

'फॉरवर्डर्स' हा पर्याय एका पत्त्यावरील टपाल दुसऱ्या पत्त्याकडे वळवितो. पेटी न उघडताही फॉरवर्डर तयार करता येतो, आणि नेमकी येथेच गफलत होते. प्राचार्यांच्या पत्त्यासाठी पेटी न ठेवता टपाल थेट त्यांच्या खाजगी पत्त्याकडे वळविले, तर महाविद्यालयाकडे त्या पत्रव्यवहाराची एकही प्रत राहत नाही. बाहेरून पत्ता पदाचा दिसतो, आतून तो व्यक्तीचाच असतो. पेटी अस्तित्वात असेल आणि त्याच पत्त्यावर फॉरवर्डरही असेल, तर टपाल पेटीतही राहते व पुढेही जाते. सोय हवीच असल्यास हा मार्ग स्वीकारावा.

यात एक तांत्रिक अडचणही आहे. वळविलेले पत्र मूळ प्रेषकाच्या नावाने, परंतु आपल्या सर्व्हरवरून पुढे जाते. स्वीकारणाऱ्यास ते संशयास्पद वाटू शकते. शिवाय निरुपयोगी टपालही तसेच पुढे गेल्याने आपल्या सर्व्हरची पत घसरते.

'डिफॉल्ट ॲड्रेस' म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर आलेल्या टपालाचे काय करावे याविषयीचा आदेश. असे सर्व टपाल एका पेटीत गोळा करणे वरकरणी सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ती पेटी काल्पनिक पत्त्यांवर पाठविलेल्या जाहिरातींनी भरून जाते. त्रुटीचा संदेश देऊन टपाल नाकारणे अधिक हितावह आहे, कारण त्यामुळे पत्ता चुकला असल्याचे प्रामाणिक प्रेषकास कळते.

टपालाचा मार्ग

अनेक महाविद्यालयांनी संकेतस्थळ जुन्याच होस्टिंगवर ठेवून ई-मेल मात्र गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सेवेकडे नेली आहे. अशा वेळी डीएनएस या नावांच्या निर्देशिकेतील एमएक्स नोंद बदलली जाते. ही नोंद टपाल कोणत्या सर्व्हरकडे न्यावे हे बाहेरच्या जगास सांगते. बाहेरून येणारे टपाल त्यानंतर नव्या ठिकाणी सुरळीत पोहोचते. परंतु 'ईमेल राउटिंग' हा पर्याय 'लोकल' असाच राहिला असेल, तर संकेतस्थळावरील प्रवेश चौकशीचा किंवा तक्रारीचा अर्ज भरल्यावर निघणारे पत्र बाहेर पडतच नाही. सर्व्हर ते आपलेच समजून जुन्या पेटीत टाकतो, अथवा तशी पेटी नसल्यास नाकारतो. विद्यार्थी आपण तक्रार केली असे सांगतो, समिती आपल्याकडे काही आले नाही असे सांगते आणि दोघेही खरे बोलत असतात. टपालसेवा अन्यत्र नेल्यास हा पर्याय 'रिमोट' करावा. शंका आल्यास 'ट्रॅक डिलिव्हरी' या पर्यायातून त्या पत्राचा प्रवास तपासता येतो.

प्रेषकाची ओळख

ई-मेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपी या नियमावलीचे मानक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रेषक खरा आहे काय हे तपासण्याची तरतूद तीत नव्हती. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र पाठवू शकत असे. ही उणीव पुढे तीन उपायांनी भरून काढण्यात आली. एसपीएफ नोंदीत आपल्या नावाने टपाल पाठविण्यास कोणते सर्व्हर अधिकृत आहेत त्यांची यादी असते. डीकेआयएम हा पत्रावरील अंकीय शिक्का असून वाटेत मजकूर बदलला गेल्यास तो जुळत नाही. डीमार्क नोंद या दोन्ही कसोट्यांवर न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे हे स्वीकारणाऱ्यास सांगते.

आता ही बाब ऐच्छिक राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्याकडे टपाल पाठविणाऱ्या प्रत्येकास एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस डीमार्कसह तिन्ही उपाय आवश्यक केले. विद्यार्थ्यांचे पत्ते मोठ्या प्रमाणावर जीमेलचे असल्याने परीक्षेची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचणे किंवा न पोहोचणे या नोंदींवर अवलंबून असते.

'ईमेल डिलिव्हरेबिलिटी' या पर्यायात एसपीएफ व डीकेआयएम नोंदी योग्य आहेत किंवा नाहीत ते दिसते. डीएनएस त्याच सर्व्हरवर असल्यास दुरुस्तीही तेथूनच होते. अन्यथा दाखविलेली नोंद जेथे डीएनएस आहे तेथे नेऊन लिहावी लागते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एका नावासाठी एसपीएफची एकच नोंद असावी लागते. नवी टपालसेवा घेताना दुसरी स्वतंत्र नोंद जोडल्यास तपासणीच निष्फळ ठरते. दोन्ही मजकूर एकाच नोंदीत एकत्र करावे लागतात. डीमार्कचे धोरण आरंभी केवळ निरीक्षणाचे ठेवून, येणारे अहवाल पाहून, मगच ते कडक करीत न्यावे.

निरुपयोगी टपालाच्या चाळणीसाठी सी-पॅनेलमध्ये स्पॅमॲसॅसिन वापरला जातो. तो प्रत्येक पत्रास गुण देतो आणि मूळ मांडणीत ५ गुणांस पोहोचलेले पत्र निरुपयोगी ठरवितो. अशी पत्रे आपोआप नष्ट करण्याचा पर्याय बंद ठेवून ती वेगळ्या कप्प्यात ठेवावीत, कारण शासकीय कार्यालयाचे सदोष मांडणीचे पत्रही तेथे जाऊ शकते.

कार्यभार हस्तांतरण

प्राचार्य किंवा कक्ष समन्वयक बदलताना किल्ल्या, शिक्के आणि दप्तर यांची यादी करून कार्यभार दिला जातो. त्या यादीत ई-मेलचा स्वतंत्र रकाना असावा. पेटीचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, जुने फॉरवर्डर तपासून काढून टाकावेत आणि 'फिल्टर्स'मध्ये टपाल अन्यत्र वळविणारा एखादा नियम शिल्लक नाही ना हेही पाहावे. सोडून गेलेल्या व्यक्तीची वैयक्तिक पेटी तत्काळ वगळू नये, कारण पेटी वगळली की तीतील टपालही जाते. त्याऐवजी तिचा प्रवेश स्थगित करावा आणि 'ऑटोरिस्पॉन्डर'द्वारे पत्रलेखकास पदाचा पत्ता कळवावा. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत जावे हे तेथेच ठरविता येते.

सी-पॅनेलचा पासवर्डही एकाच व्यक्तीकडे नसावा. प्राचार्यांकडे मोहोरबंद लिफाफ्यात त्याची प्रत असावी आणि होस्टिंग कंपनीने द्विस्तरीय पडताळणीची सोय दिली असल्यास ती सुरू करावी. डोमेन व होस्टिंगच्या नूतनीकरणाच्या सूचना ज्या पत्त्यावर येतात, तो त्याच डोमेनवरील एकमेव पत्ता असू नये. डोमेनची मुदत संपली तर तो पत्ताच बंद पडेल आणि सूचना वाचण्याचा मार्ग उरणार नाही.

निष्कर्ष

सी-पॅनेलमधील ई-मेल मांडणी हे संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे सोपवून विसरण्याचे काम नाही. ते कार्यालयीन दप्तराचेच अंग आहे. पदासाठी पेटी, पेटीची प्रत महाविद्यालयाकडे, टपालाचा मार्ग निःसंदिग्ध, प्रेषकाची ओळख प्रमाणित आणि हस्तांतरणाची लेखी नोंद, या पाच बाबी पूर्ण झाल्या की व्यक्ती बदलल्या तरी पत्रव्यवहार अखंड राहतो. यातील बहुतेक कामांना वेगळा निधी लागत नाही. प्राचार्य, कार्यालयीन अधीक्षक आणि तंत्रज्ञ यांनी एका दुपारी एकत्र बसून पदांची यादी केली, तर पुढील आदेश सी-पॅनेलला देणे फारसे कठीण जात नाही.