आधी कोणता बॉम्ब?

नांदेड-लातूरकडे विहीर खोदायची म्हणजे काळ्या खडकाशी गाठ. खडकाला भोके पाडून सुरुंग भरतात, वात पेटवून माणसे लांब पळतात आणि धडाके मोजत बसतात. सहा सुरुंग भरले आणि पाचच धडाके झाले, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. अशा वेळी आमच्या गावचा जुना सुरुंगवाला कोणालाही विहिरीच्या काठाशी फिरकू देत नसे. विहीर थांबली तरी फारसे काही बिघडत नाही. परंतु युद्धकाळात न फुटलेला बॉम्ब दवाखान्याच्या दारात, रेल्वेच्या रुळांखाली किंवा पाण्याच्या नळाशेजारी रुतून बसतो, आणि असे बॉम्ब एका रात्रीत शेकड्याने पडतात. ते निकामी करणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग त्यांना आधी कोठे पाठवायचे?

चित्रपटात आपण पाहतो तो नायक तांबडी तार कापू की निळी, या विचाराने घामाघूम झालेला असतो. खरा पेच त्याच्या कितीतरी आधी, कोणीतरी कचेरीत नकाशा पुढे घेऊन बसलेले असते तेथे पडलेला असतो.

१९४० साली जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू केला, तेव्हा ब्रिटिशांना हे शास्त्र प्राण मोजून शिकावे लागले. पहिली गोष्ट म्हणजे कोणाचे काम कोणते, हे ठरवणे. जमिनीवरचे बॉम्ब स्थलसेनेच्या अभियंता दलाने पाहायचे, विमानतळांवरचे हवाई दलाने, आणि समुद्रातले सुरुंग नौदलाने. दुसरी गोष्ट प्रतवारीची. वर्दी आली की बॉम्बला चार वर्गांपैकी एक वर्ग मिळे. जेथे थांबणेही परवडणार नाही आणि बॉम्ब जागीच उडवून देणेही परवडणार नाही, तो पहिला वर्ग. मोकळ्या रानातला शेवटच्या वर्गात. तो खुशाल पडून राहू दे.

थांबण्यालाही कारण होते. काही बॉम्बमध्ये घड्याळाची कळ असे आणि ती सुमारे तीन दिवसांपर्यंत केव्हाही स्फोट घडवू शके. जोडीला दुसरी कळ असली, तर नुसत्या धक्क्यानेही बॉम्ब उडे. पथकातील माणसे कानाला स्टेथोस्कोप लावून टिकटिक ऐकत! म्हणून निकड नसेल तेथे माणसे दूर करून वेळ जाऊ देणे हेच शहाणपण होते. सप्टेंबर १९४० मध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळ रुतलेला बॉम्ब मात्र पहिल्या वर्गातला ठरला. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस यांच्या पथकाने तो तीन दिवस खणून काढला आणि शहराबाहेरच्या मोकळ्या पाणथळीत नेऊन उडवला. डेव्हिस यांना जॉर्ज क्रॉस मिळाला.

बॉम्ब आकाशातून पडतो, तर शत्रूचा सुरुंग वाटेत मुद्दाम पुरलेला असतो. दोन्हींशी गाठ मुख्यतः अभियंता दलाच्या जवानांचीच, म्हणजे सॅपरांची. त्यांपैकी मुंबई सॅपर्सचे केंद्र आपल्या पुण्याजवळ खडकीला आहे. या दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या आरंभी ॲबिसिनियात चार दिवसांत ५५ मैल रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे शोधून काढली. त्यांची गाडी सुरुंगावर चढून उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस घेतला नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या नकाराचे कौतुक होते आणि व्हावेही. पण थकलेल्या माणसाच्या जागी ताजा माणूस पाठवणे हाच पथके नेमण्याचा पहिला नियम आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

त्याच दलातले, कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडली होती. ८ तारखेला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा आला. पथकातले दोघे ठार झाले, राण्यांसह पाच जखमी. तेथे सगळे अडले होते ते एकमेकांवाचून. सॅपर पुढे गेल्याशिवाय रणगाडा हलत नाही, आणि रणगाड्याच्या आडोशाशिवाय सॅपर पुढे जाऊ शकत नाही. राणे रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, सुरुंग चुकवीत, त्याला वाट दाखवू लागले. वरच्या चालकाला हाक ऐकू जाणे शक्य नव्हते, म्हणून दोरीने इशारा द्यायचा. वायरलेसच्या जमान्यात सारे संयोजन त्या एका दोरीवर चालले होते.

११ तारखेला सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. राणे मात्र रात्री १० पर्यंत मागचा रस्ता साफ करीत राहिले, कारण रणगाड्यांच्या मागून रसद यायची होती. १२ एप्रिलला राजौरी आपल्या हाती आली. राण्यांना परमवीर चक्र मिळाले, तेही हयातीत. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले.