मूळव्याधीचा समज आणि रक्ताची चाचणी

सुरतेच्या लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे कापडधंद्यावर जगतात. शौचावाटे रक्त पडू लागले की तेथील कामगार, अन्यत्रच्या कामगारांप्रमाणेच, ती मूळव्याध समजतो, चूर्ण घेतो आणि पुन्हा मागावर उभा राहतो. बहुधा ती मूळव्याध असतेही. परंतु ज्याच्या बाबतीत ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची खूण असते, त्याचे मोलाचे महिने या समजुतीत जातात.

रक्तातील एखाद्या प्रथिनावरून हा रोग आरंभीच ओळखता यावा, ही वैद्यकाची जुनी आकांक्षा आहे. १९६५ साली माँट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी 'सीईए' शोधले, तेव्हा ती सफल झाल्यासारखे वाटले. गर्भाच्या आतड्यात आढळणारे हे प्रथिन कर्करोगाच्या गाठीतही सापडले होते. पुढे त्याच्या मर्यादा कळल्या. रोग कोवळा असताना त्याचे रक्तातील प्रमाण बहुधा वाढत नाही. उलट विडी-सिगारेट ओढणाऱ्या निरोगी माणसात ते वाढलेले दिसू शकते. शस्त्रक्रियेनंतर रोग परतला काय, हे पाहण्यास ते आजही उपयोगी आहे. असे असता धडधाकट माणसाच्या आरोग्य-तपासणीत हीच चाचणी कर्करोगाच्या नावाने खपविली जावी, हे आम्हांस आक्षेपार्ह वाटते. आकडा पाचाच्या आत आला की घरी पेढे वाटायचे, आणि रक्त पडतच असते!

अनेक प्रथिने एकत्र मोजण्याचे संशोधन चालू आहे. अमेरिकेने जुलै २०२४ मध्ये एका रक्तचाचणीस मान्यता दिली. पण ती प्रथिने नव्हे, रक्तातील डीएनए तपासते, आणि कर्करोगापूर्वीच्या वाढलेल्या गाठींपैकी जेमतेम १३ टक्के तिला दिसतात.

खरे उपयोगी ठरलेले प्रथिन रक्तातलेच, मात्र ते शोधायचे मलात. 'फिट' ही चाचणी डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन ओळखते. तिला पथ्य नाही, आणि नमुना घरीच घेता येत असल्याने कामाचा खाडाही नाही. रक्त उघड पडत असेल, किंवा प्रौढ पुरुषाला कारणावाचून पंडुरोग जडला असेल, तर मात्र दुर्बिणीने आतडे पाहणेच इष्ट.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या तपासणी-योजनेत मुख, स्तन व गर्भाशयमुख एवढेच कर्करोग आले. आपल्याकडे आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्यांहून कमी असल्याने सरसकट तपासणीचा आग्रह आम्ही धरीत नाही. पण सुरत महापालिका मराठी शाळा चालविते. तिच्या दवाखान्यांत रक्त पडणाऱ्या रोग्याला मूळव्याधीचे मलम देण्याआधी तपासून पुढे पाठविण्याचा नियम आणि तो सांगणारा मराठी फलक, एवढे तिला जड जाऊ नये.