बोरचे पाणी, पाखरे आणि वाटाड्या

वर्धा जिल्ह्याचे नाव निघताच सेवाग्राम आणि पवनार ही दोन स्थाने डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे सागवानी टेकड्यांच्या कुशीत बोर नदीचा जलाशय पसरलेला आहे. साठच्या दशकात शेतीच्या सिंचनासाठी ही नदी अडविण्यात आली. १९७० साली तेथील वनक्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१२ मध्ये लगतचे वनक्षेत्र त्यास जोडण्यात आले आणि २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचे त्याचे गाभा क्षेत्र देशातील अत्यंत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणले जाते. असे असूनही वाटाड्याच्या सोबतीने येथे होणारे वन्यजीव आणि पक्षी यांचे दर्शन मोठ्या अरण्यांतील दर्शनापेक्षा उणे नाही. त्याचे कारण पाण्यात आहे.

दोन प्रकारची अरण्ये

अॅमेझॉनसारख्या विषुववृत्तीय प्रदेशात पाऊस जवळजवळ बारमाही असतो. झाडोरा इतका दाट की नदी हाच तेथील हमरस्ता. प्रवासी नावेत बसतात आणि वाटाड्या काठावरील हालचाल व आवाज टिपत त्यांना पुढे नेतो. महाराष्ट्रात याच्याशी काहीसे मिळतेजुळते दृश्य कोयनेच्या परिसरात दिसते. सातारा जिल्ह्यातील बामणोलीहून शिवसागर जलाशयातून वासोट्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या नावांना दोन्ही तीरांवर सह्याद्रीची सदाहरित व निमसदाहरित वने सोबत करतात.

वर्ध्याचे रान याहून सर्वस्वी भिन्न आहे. येथे बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस आणि बांबू यांचे हे पानझडीचे वन फेब्रुवारीनंतर विरळ होऊ लागते आणि ओढे-नाले आटतात. सदापर्णी वनात पाणी सर्वत्र असल्याने प्राणी विखुरलेले राहतात व पानांआड दडतात. कोरड्या वनात मात्र पाणी मोजक्याच जागी उरते आणि तहानलेला प्रत्येक जीव तेथे यावाच लागतो. म्हणूनच उन्हाळ्यात पाणवठ्याकाठी चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर, अस्वल आणि क्वचित वाघही दृष्टीस पडतो.

सिंचन आणि पक्षी

पक्ष्यांचा हंगाम याआधीच, हिवाळ्यात, सुरू होतो. पावसाळ्याअखेरीस काठोकाठ भरलेल्या जलाशयातून रब्बीच्या पिकांसाठी पाणी सोडले जाऊ लागले की पाण्याची कड हळूहळू मागे सरकते आणि ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळातील किडे, अळ्या व शिंपले हे चिखलपक्ष्यांचे अन्न होय. त्याच सुमारास उत्तरेकडून स्थलांतरित बदकांचे थवे मध्य भारतातील तलावांवर उतरतात. अशा रीतीने गव्हा-हरभऱ्याला दिलेले पाणी अप्रत्यक्षपणे पाखरांचेही पोषण करते.

विदर्भातील अशा जलाशयांवर टिबुकली, पाणकावळा, ढोकरी, राखी बगळा, कवड्या खंड्या व नदी सुरय हे पक्षी आढळतात. काठच्या रानात मोर, हळद्या, तांबट, सुतार, नीलपंख आणि लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक यांचा वावर असतो. ज्येष्ठ वनाधिकारी व साहित्यिक मारुती चितमपल्ली यांनी आपल्या ‘पक्षिकोशा’द्वारे मराठीत पक्षिनामांचे मोठे भांडार उभे केले. वनवासी आणि गावकरी यांच्या बोलीतील नावांचे मोलही त्यांनी ओळखले. गावातील म्हाताऱ्यांकडून पाखरांची स्थानिक नावे मिळविणे हे प्रत्येक शाळेला सहज साधणारे काम आहे.

वाटाड्याचे ज्ञान

बोरमध्ये नावेची जागा उघड्या जीपगाडीने घेतली आहे. ठरलेल्या प्रवेशद्वारातून, ठरलेल्या वेळी आणि नोंदणीकृत वाटाड्यासह प्रवेश दिला जातो. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते.

वाटाड्या हा केवळ रस्ता दाखविणारा नव्हे. तो धुळीतील ठशांवरून प्राणी कोणता व केव्हा गेला याचा अदमास बांधतो. वानराचा खकारा, चितळाची तीक्ष्ण शीळ आणि सांबराचा भारदस्त पुकारा यांतील भेद तो जाणतो. चितळ क्षुल्लक कारणानेही बिचकते, सांबर मात्र सहसा वाघ-बिबट्याचा खरा सुगावा लागल्याविना पुकारत नाही. हे ज्ञान रानात गुरे चारताना, मोहफुले व तेंदूपाने वेचताना पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले आहे. आज तेच लगतच्या गावांतील तरुणांच्या उपजीविकेचे साधन बनत आहे. पाहुण्यांनी मौन पाळावे, गाडीतून उतरू नये आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाखरांना बोलावू नये, हे नियम त्यानेच पाळून घ्यावयाचे असतात. असे आवाज ऐकून पक्षी अंडी-पिल्ले सोडून प्रतिस्पर्ध्याचा शोध घेऊ लागतो आणि घरट्याला धोका पोचतो.

खरा प्रश्न गावाचा

तथापि पर्यटकाला आनंद देणारा रोही शेतकऱ्याच्या तुरीत शिरला की त्याच्या वर्षाच्या कष्टाची माती होते. रानडुकरांच्या भीतीने माळ्यावर बसून रात्ररात्र जागल करणारे शेतकरी या पट्ट्यातील गावोगावी आहेत. वाघाने गाय मारली तर कुटुंबाचे दूध आणि शेणखत दोन्ही जाते. संतापाच्या भरात मृत जनावरावर विष टाकले गेल्यास वाघासह कोल्हे, तरस आणि मांसभक्षक पक्षीही मरतात, आणि धन्याची हानी तर भरून निघतच नाही.

पिकांच्या व पशुधनाच्या हानीबद्दल शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी विलंब न लावता वन कर्मचाऱ्यांस कळविणे, मृत जनावर न हलविणे आणि पंचनामा करवून घेणे आवश्यक असते. या कामी सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांनी अर्ज लिहून देण्यापासून पाठपुराव्यापर्यंत साहाय्य केले, तर अनेक कुटुंबांचा वनाविषयीचा रोष निवळू शकेल. २०१५ पासूनच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत प्रकल्पालगतच्या गावांमध्ये स्वयंपाकाचा गॅस, शेतीसाठी कुंपण यांसारख्या उपायांवर भर आहे. सरपणासाठी रानात जाणे कमी झाले की माणूस व श्वापद यांची अवचित गाठही कमी पडते.

बोर लहान असल्यामुळे येथील वाघांचे भवितव्य पेंच, उमरेड-कऱ्हांडला व ताडोबा यांच्याकडे जाणाऱ्या वनपट्ट्यांवर अवलंबून आहे. हे पट्टे शेतांमधून आणि गावांच्या शिवारांमधून जातात. नाल्याकाठची झाडी तोडावयाची की राखावयाची, हा निर्णय बहुधा गावच घेत असते.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. या नोंदवहीत गावतळ्यावर उतरलेल्या पाखरांची पहिली तारीख, आटलेल्या झऱ्याचा महिना आणि घरटी असलेली जुनी झाडे शाळकरी मुलांकरवी दरवर्षी नोंदविता येतील. अशी नोंद ठेवणारी मुलेच उद्याचे जाणकार वाटाडे होतील. पाहुण्यांच्या येण्यातून होणारी मिळकत ज्या दिवशी जागल करणाऱ्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचेल, त्या दिवशी बोरच्या वाघाला सर्वांत भरवशाचा राखणदार लाभलेला असेल.